फवारणीचा पंप टर्बोला: वॉटर इंजेक्शनसाठी कितपत चालतो?

सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या तुळजापूर घाटात दबतात. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरलाच गरम हवा मिळते आणि नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. अशा वेळी इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचा बारीक फवारा, म्हणजे वॉटर इंजेक्शन, खरंच कामाला येतो, कारण तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलपेक्षा पाणी वाफ होताना सुमारे सहापट उष्णता ओढून घेतं. त्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारा, बॅटरी फवारणी पंपातला 12 व्होल्टचा सुटा डायफ्राम पंप घ्यायला हरकत नाही. त्याची नळी आणि नोझल मात्र घेऊ नका.

लेबलवर 100 पीएसआय, म्हणजे सुमारे 7 बार हवेत. 4 बारच्या पंपाचे थेंब जाड पडतात. शिवाय 1 बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) नोझलवर 3 बारच उरतात आणि पाणी 13 टक्के कमी जातं. 7 बारच्या पंपात ही घट 7 टक्क्यांवर येते.

खरी कटकट पंपाच्या डोक्यावरच्या प्रेशर स्विचची. फवारणीच्या गनसाठी तो ठीक आहे, पण बारीक नोझलवर दाब झटकन चढतो, पंप बंद होतो, लगेच पुन्हा लागतो. टक-टक आवाज येत राहतो आणि फवारा तुटक पडतो. स्विचचा स्क्रू आवळत बसू नका, डायफ्राम फाटेल. पंपापुढे तीन तोंडांचा टी जोड लावा आणि जादा पाणी, प्रवाह कमी-जास्त करता येणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमधून टाकीत परत सोडा, म्हणजे पंप सलग चालतो.

100 एचपीचं इंजिन पूर्ण लोडला मिनिटाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितं. पाणी त्याच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 50 ते 75 मिली पुरे. त्याहून जास्त दिलं तर मिसफायर सुरू होतो. नोझल इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) आधी बसवा. नळी 6 मिमीची न्यूमॅटिक घ्या. नोझलला लागून, दाब आल्याशिवाय न उघडणारा चेक व्हॉल्व्ह हवाच: टाकी वरच्या पातळीवर असेल तर उभ्या गाडीत पाणी आपोआप झिरपून पाइपात साठतं, आणि स्टार्ट करताना ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वायरिंग सोपं आहे. बॅटरीतून 7.5 अँपिअर फ्यूज, तिथून रिलेच्या (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 30 नंबरच्या पिनला; 87 वरून पंप; 86 ला इग्निशनचा करंट; 85 बूस्ट प्रेशर स्विचमधून अर्थला. हा स्विच कमाल बूस्टच्या निम्म्यावर लावा. कमी आरपीएमला पाणी गेलं तर गाडी अडखळते.

बोअरचं पाणी अजिबात नको. क्षार नोझलच्या बारीक भोकात पांढरे जमतात आणि फवाऱ्याऐवजी एकच धार पडते. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरा, पंपाआधी जाळीचा फिल्टर लावा.

या पंपाच्या भरवशावर बूस्ट किंवा टायमिंग वाढवू नका. टाकी रिकामी झाल्याचं ईसीयूला कळत नाही. मूळ ट्यूनवर (कंपनीच्या सेटिंगवर) पाणी संपलं तर ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि फक्त ताकद कमी होते. वाढवलेल्या ट्यूनवर पिस्टन जातो.