ईएए आणि बीसीएए पावडर: चालणं-सायकलिंगसोबत काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते. ईएए आणि बीसीएए म्हणजे पाण्यात ढवळून घ्यायच्या अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांच्या, पावडरी. चालणं, सायकलिंग असा दमाचा व्यायाम करणाऱ्याने नुसत्या बीसीएएवर पैसे घालू नयेत. ईएए कामाला येतं, पण तेही ठरावीक वेळीच. दोन्ही पावडरी मी आलटून पालटून काही महिने घेतल्या. व्यायाम तोच ठेवला: सकाळी पणजीत मिरामार ते दोनापावला झपाझप चालणं, रविवारी रायबंदरच्या बांधावरून जुन्या गोव्यापर्यंत सायकल. वय पन्नाशीला टेकलेलं, पाळी थांबलेली. या वयात स्नायू झपाट्याने कमी होतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी अमिनो आम्लं नऊ. ईएएमध्ये ती सगळी असतात. बीसीएएमध्ये फक्त तीन: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, बहुधा 2:1:1 प्रमाणात. म्हणजे 5 ग्रॅमच्या चमच्यात अडीच ग्रॅम ल्युसिन. स्नायूंत नवी प्रथिनं बांधायला सुरुवात करून देण्यात ल्युसिनचा मोठा हात असतो, हे खरंच. पण बांधायला नऊही लागतात. उरलेली सहा पोटातून आली नाहीत, तर शरीर ती स्वतःच्याच प्रथिनांतून काढतं. मग हाती काय उरलं?

डब्यावर ‘स्टॅमिना’ मोठ्या अक्षरांत असतं. माझा दम वाढला, पण पावडर बंद ठेवलेल्या आठवड्यांतही तो तसाच वाढत होता. याचं कारण सरळ आहे. अशा व्यायामात ऊर्जा मुख्यतः साखर आणि चरबीतून येते, अमिनो आम्लांचा वाटा अगदी थोडा. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरला की अमिनो आम्लांचा वाटा जरा वाढतो, इतकंच. दम वाढवणारे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींत ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात ते नियमित चालण्याने. मैत्रिणी विचारतात, ‘अगं, याने वजन उतरतं का?’ नाही उतरत.

फरक जाणवला तो मांड्यांच्या दुखण्यात. आल्तिनो टेकडीचा चढ सायकलने चढले की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ यायची. व्यायामानंतर लगेच ईएए घेतलं की ती बरीच कमी व्हायची. पण घरी येऊन दोन-तीन अंडी खाल्ली तरी तेवढाच आराम पडायचा! बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 19-20 ग्रॅम प्रथिनं असतात, नऊच्या नऊ अमिनो आम्लांसकट. दुपारी ताटात हुमण, म्हणजे मासळीची आमटी, असेल तर पावडरीची गरज नाही. आपली खरी अडचण न्याहारीची: भाजी-पाव आणि चहा, प्रथिनं जेमतेम. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला निदान 50 ग्रॅम प्रथिनं हवीत, नेटाने व्यायाम करणाऱ्याला 70 च्या पुढे. श्रावणात मासळी बंद झाली की हा आकडा गाठणं आणखी कठीण, आणि ईएएचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्याच महिन्यात. तरीही मुगाची उसळ आणि दही आधी, पावडर नंतर.

चवीचं म्हणाल तर दोन्ही कडू. लिंबाचा फ्लेवर जिभेवर असेपर्यंत ठीक, घोट गिळला की मागून कडवटपणा येतो. ल्युसिन पाण्यात नीट विरघळत नाही. बाटली कितीही हलवा, वर पांढरा थर तरंगतो आणि काचेला चिकटून बसतो. जूनमध्ये आपल्याकडची दमट हवा लागून डब्यात अशी ढेकळं झाली की चमचा आत शिरेना. आता लहान डबा आणते, सिलिकाची पुडी काढून टाकत नाही आणि ओला चमचा अजिबात घालत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशांच्या रक्तात बीसीएएची पातळी बरेचदा वाढलेली दिसते. ते कारण की परिणाम, यावर अजून वाद आहे. पण साखर असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. नियमित चालण्याने मात्र साखर आटोक्यात राहायला मदतच होते.

बीसीएए मी परत घेणार नाही. ईएएचा एक लहान डबा श्रावणाच्या तोंडावर आणेन, तोही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि प्रत्येक अमिनो आम्लाचं प्रमाण वेगवेगळं छापलेलं असेल तरच.