हवी ती अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायचे कशाने: वनलुक, एक्सेल की ग्रेप?

'ई, ए, आर असलेले शब्द हवेत' ही एकच मागणी वाटते, पण तिच्यात चार निरनिराळे प्रश्न आहेत. अक्षरं सलग हवीत का? मग 'हार्ट' आणि 'लर्न' चालतील. याच क्रमाने, पण मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील? मग 'सेमिनार' बसतो. कुठल्याही क्रमाने असली तरी हरकत नाही? मग 'ब्रेड'ही आला. की शब्द फक्त याच अक्षरांचा हवा? तसं असेल तर 'इअर', 'आर', 'एरा' मिळतील आणि 'एरिया' मिळेल की नाही, हे 'ए' दोनदा वापरायची मुभा आहे का यावर ठरेल. साधन निवडण्याआधी आपला प्रश्न यातला कोणता ते ठरवा. चुकीच्या याद्या बहुतेक वेळा इथूनच निघतात.

अधूनमधून शब्द शोधणाऱ्याने वनलुक या संकेतस्थळापलीकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अज्ञात अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. स्वल्पविराम दोन अटी जोडतो: पाच प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम आणि दोन ताऱ्यांमध्ये 'वाय' असं लिहिलं की 'वाय' असलेले पाच अक्षरी शब्द येतात. कुठल्याही क्रमासाठी आधी दोन तिरप्या रेघा, मग अक्षरं आणि उरलेल्या जागी प्रश्नचिन्हं. म्हणजे // नंतर 'ई-ए-आर' आणि '??' लिहिलं की 'ब्रेड', 'हार्ट', 'रिले' हे सगळे एकत्र मिळतात. अडचण एवढीच की त्याच्या पोटात अनेक कोश आहेत, त्यामुळे विशेषनामं, संक्षेप आणि दोन शब्दांचे वाक्प्रयोगही यादीत घुसतात. फक्त रुळलेले शब्द दाखवणारी गाळणी लावा.

शब्दखेळांसाठी बनवलेली शोधस्थळं दिसायला सोपी असतात: 'असलेली अक्षरं', 'नसलेली अक्षरं', 'जागा ठरलेली अक्षरं' असे तीन रकाने. वर्डल या पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळासाठी ती पुरेशी आहेत, पण एक सापळा आहे. तुमच्या अंदाजात 'ई' दोनदा होता, एक हिरवा झाला (म्हणजे योग्य जागी) आणि दुसरा राखाडी (म्हणजे नाही), तर त्याचा अर्थ उत्तरात 'ई' एकच आहे. राखाडी दिसला म्हणून 'ई' जर 'नसलेली अक्षरं'मध्ये टाकलात, तर खरं उत्तरच यादीतून उडतं.

स्क्रॅबलमध्ये मात्र साधनापेक्षा शब्दयादी महत्त्वाची. उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आणि बाकी जगात चालणारी कॉलिन्स कोशाची वेगळी. कॉलिन्समध्ये सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द दोन्हीकडे चालतो, पण 'झेड-ओ' फक्त कॉलिन्समध्ये. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सवर होतात, तेव्हा शोधस्थळावर कोणती यादी निवडलेली आहे ते आधी बघा.

हे काम नेहमीचं असेल, म्हणजे तुम्ही शिक्षक असाल किंवा शब्दकोडी रचत असाल, तर स्वतःची यादी संगणकावर ठेवा. एनेबल ही सुमारे १ लाख ७३ हजार शब्दांची मुक्त यादी चांगली. मॅकमध्ये आयती मिळणारी यादी १९३४ च्या वेबस्टर कोशावरून आलेली आहे. तिच्यात बहुतेक अनेकवचनं नाहीत आणि 'इंटरनेट'सारखे शब्दही नाहीत.

ही यादी एक्सेलमध्ये सहज मावते, कारण तिथे १० लाख ४८ हजार ५७६ ओळी बसतात. मात्र आयात करताना कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्द तार्किक मूल्यं बनतात आणि शोधात सापडत नाहीत. फिल्टरच्या कस्टम खिडकीत एका कॉलमला दोनच अटी लागतात. तीन अक्षरं शोधायची असतील तर शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येक अक्षरासाठी काउंटइफ हे मोजणारं सूत्र एकदा लिहा, अक्षराच्या दोन्ही बाजूंना तारा ठेवा आणि तिन्ही एकमेकांना गुणा. उत्तर १ आलं तर तिन्ही अक्षरं शब्दात आहेत.

ग्रेप म्हणजे फाइलमधून साच्यात बसणाऱ्या ओळी शोधणारी आज्ञा. ती शिकायला एक संध्याकाळ द्यावी लागते, पण नंतर तिच्याइतकं नेमकं काही नाही. कुठल्याही क्रमासाठी तीन ग्रेप पाइपने (| या चिन्हाने) जोडायचे, प्रत्येकात एक अक्षर. फक्त ठरावीक अक्षरांचे शब्द हवे असतील तर ^ नंतर चौकोनी कंसात अक्षरं, मग + आणि $ (यासाठी मोठ्या 'ई'चा, म्हणजे -E हा पर्याय लावावा लागतो). हा साचा अक्षरांची पुनरावृत्ती चालवून घेतो. त्यामुळे दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवण्याच्या स्पेलिंग बीसारख्या खेळाला तो चपखल आहे, स्क्रॅबलच्या सात सोंगट्यांना नाही. $ लावूनही काहीच सापडत नसेल तर फाइल विंडोजवर साठवलेली आहे का ते पाहा: प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह असतं, ते आधी काढावं लागतं.

इंग्रजी वाचन शिकवणाऱ्यांसाठी वरचं एकही साधन पूर्ण पुरत नाही, कारण त्यांना अक्षरांबरोबर उच्चारही हवा असतो. 'ई-ए' शोधलं की 'बीड', 'ब्रेड' आणि 'ग्रेट' एकाच यादीत येतात आणि मुलं गोंधळतात. इथे कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश वापरा. त्यात प्रत्येक शब्दापुढे ध्वनी लिहिलेले असतात, म्हणून आधी 'ई-ए' असलेल्या ओळी आणि त्यातून दीर्घ 'ई'चा ध्वनी असलेल्या, असं दोनदा गाळता येतं. तरीही 'ऑलरेडी' आणि 'हेवी' घुसतातच, कारण त्यांच्या शेवटच्या 'वाय'चा ध्वनी तोच आहे. त्यावर उपाय आहे. या कोशात प्रत्येक स्वरापुढे आघाताचा ०, १ किंवा २ हा आकडा असतो. उच्चारात एकच आकडा असलेल्या ओळी ठेवल्या की फक्त एका उच्चारखंडाचे शब्द उरतात. उच्चार अमेरिकी आहेत, तेव्हा ब्रिटिश उच्चार शिकवत असाल तर 'बाथ', 'पाथ', 'ग्रास'सारखे शब्द हाताने तपासून घ्या.