थरथर शाफ्टची, बिल इंजिनाचं

जुनी गाडी वेगात थरथरते असं सांगितल्यावर गॅरेजवाला ट्रायलसुद्धा न मारता ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणाला, तर तिथूनच किल्ली परत मागा. नागपूरच्या एका गॅरेजनं याच वाक्यावर आमच्याकडून ४६ हजार काढले. तूर विकून आलेले पैसे होते. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी मामांची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. मूळची ही इंग्लंडची १९५९ची ट्रायम्फ. हिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फनं १९६२ला स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. हे सगळं खरं आहे, आणि त्या माणसानं नेमका याच खऱ्या गोष्टीचा फायदा घेतला. “स्पोर्ट्स कारची जात आहे साहेब. क्रँक जरा हलला की अशीच थरथरते. पार्ट बाहेरून मागवावे लागतील.” क्रँक म्हणजे इंजिनाच्या आतला फिरणारा मुख्य दांडा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हेरल्ड उघडलेला माणूस शोधून सापडायचा नाही, तेव्हा ऐकणारा मान डोलावणारच. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लक्षण असं होतं. सत्तरच्या आसपास सीटखालून बारीक, भरभर थरथर यायची. स्टिअरिंग शांत. गाडी वेग घेताना मागून एक ‘टक’. आमच्या दारव्हा रस्त्यावर कोणती थरथर गाडीची आणि कोणती डांबराची हे कळायला मार्ग नसतो. समृद्धीवर कारंज्यापासून थोडं पुढं गेल्यावर मात्र शंका उरली नाही.

गाडी परत आली ती तशीच थरथरत. फोन केला तर उत्तर, “जुनी गाडी आहे, एवढं राहणारच.” दुसऱ्यांदा केला तेव्हा म्हणाला, आता डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) खोलू, आणखी पंचवीस हजार लागतील.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला आख्खं उलटतं, चाकावर बसून इंजिन बघता येतं. काकांनी इंजिनाला हातही लावला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, “चाल भाऊ, सत्तरवर ने अन् न्यूट्रल कर.” रस्ता मोकळा बघून केलं. इंजिन आयडलला आलं, थरथर तशीच. “इंजिन तं आता काहीच करून नाही राह्यलं. मंग हालून कोन राह्यलं? काहाले खोललं थे?”

एवढीच परीक्षा. न्यूट्रलला थरथर थांबली तर इंजिन, त्याचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) किंवा क्लच बघायचा. चालूच राहिली तर चाकं, शाफ्ट, एक्सल. इंजिन मात्र बंद करायचं नाही, किल्ली काढली तर काही गाड्यांचं स्टिअरिंग लॉक होतं. पुढची वाटणी हातानं आणि बुडानं होते: स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढची चाकं, सीट हलली तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा गाडीखालचा लांब दांडा. त्यातही सत्तरला १३ इंची चाक सेकंदाला १०-११ वेळा फिरतं, शाफ्ट त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून चाकाचे हादरे मोजता येतात, शाफ्टची नुसती झिणझिण लागते.

काका गाडीखाली गेले. शाफ्टच्या मागच्या क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या लवचिक सांध्याच्या) टोप्यांभोवती गंजाची लाल भुकटी जमली होती. शाफ्ट हातानं पिळला की क्रॉस टकटक करायचा. काढण्याआधी त्यांनी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या समोरासमोरच्या चकत्यांवर) पंचनं खूण केली, चार बोल्ट सोडले, आणि टोपी उघडली तर आतल्या बेअरिंगच्या सुया झिजून अर्ध्या झालेल्या, ग्रीसचा पत्ता नाही. रोटाव्हेटरच्या शाफ्टला रोज हेच होतं, असं ते म्हणाले. क्रॉस नवा टाकला तरी शाफ्टची दोन्ही टोकांची, क्रॉस धरणारी कोयंडी एका रेषेत बसली नाहीत तर तो थरथरणारच, हेही त्यांनी रोटाव्हेटरवरूनच सांगितलं. नवा क्रॉस बसला, खुणेला खूण जुळवली, थरथर गेली. मजुरी ते घेतच नव्हते, बळंच दिली.

मग मी बिल पुन्हा काढलं. साधा कागद, जीएसटी नंबर नाही. ‘क्रँक बॅलन्सिंग. मेन बेअरिंग पाच जोड. इंजिन फाउंडेशन, इंपोर्टेड.’ क्रँक ज्यांवर फिरतो ती मेन बेअरिंग हेरल्डला तीनच असतात. पाच कुठं बसवली असतील? क्रँक काढायचा तर इंजिन उतरवावं लागतं, इंजिनाखालची तेलाची टाकी खोलावी लागते. टाकीच्या बोल्टांवर तेल आणि काळ्या मातीचा थर जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. फाउंडेशनवर नुसता काळा स्प्रे मारलेला. नखानं दाबलं तर खाली जुन्या रबराच्या भेगा.

तेव्हा काम चालू असताना गॅरेजकडून फोटो मागवा, काढलेले जुने पार्ट गोणीत भरून घरी आणा, बिल पक्कं घ्या. गाडी देण्याआधी टाकीच्या आणि फाउंडेशनच्या बोल्टांवर रंगाचा एकेक ठिपका द्या; पाना लागला तर ठिपका मोडतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, म्हणजे नागपूरच्या खेपा नकोत. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. बोल्टांचे फोटो, कच्चं बिल आणि पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा पुरावा जोडला आहे. गॅरेजवाल्याचा निरोप आला की निम्मे देतो, तक्रार मागं घ्या. मामांनी नाही म्हणून कळवलं.