चिंच लावू नका म्हणणाऱ्या पूजाभांडीवाल्यापासून सावध राहा

श्रावण जवळ आला की सोसायट्यांचे हॉल, मंगल कार्यालयं, देवळांची आवारं अशा ठिकाणी पूजेच्या भांड्यांचे स्टॉल लागतात. त्यातले बरेचसे सरळ व्यवहार करणारे असतात. पण 'जुनी भांडी द्या आणि सिद्ध केलेली नवी न्या' असं म्हणणारा कुणी भेटला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आमच्या देवघरातलं चार पिढ्या वापरलेलं ताम्हन, कलश, पळी-पंचपात्र, समयांची जोडी आणि काशाची घंटा अशीच गेली. ती अजून परत मिळालेली नाहीत.

माणूस अडाणी नव्हता, हे आधी सांगते. धोतर, सदरा, कपाळाला गंध, शुद्ध वाणी. त्याने सुरुवात केली ती पूजेच्या क्रमापासून. देवाला पाणी घालण्याआधी आपण कलशाची पूजा करतो, मग शंखाची, घंटेची, दिव्याची. म्हणजे ज्या भांड्यांनी पूजा करायची, त्यांचीच पूजा आधी होते. कलशाच्या मुखाशी विष्णू, कंठाशी रुद्र, तळाशी ब्रह्मा आणि मध्ये मातृगण, असं कलशपूजेच्या मंत्रात म्हटलेलं आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी या नद्यांना त्या तांब्याभर पाण्यात यायला सांगतात. घंटा वाजवायची ती देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. हे सगळं त्याने नीट अर्थासकट सांगितलं आणि त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. सासूबाई रोज पूजा करतात, त्यांना ऐकताना भरून आलं. इतकं खरं सांगणारा पुढचंही खरंच सांगत असणार, असं कुणालाही वाटेल. त्याचं भांडवल नेमकं तेच होतं.

मग म्हणाला, "देवघरातली भांडी घेऊन या, दोष आहे का बघून देतो. त्याचे पैसे नाहीत." आमच्या ताम्हनाच्या काठाला पोचा आलेला होता आणि तळाला एका जागी जुना डाग, म्हणजे धातूची झाळ, दिलेला होता. त्याने ताम्हन हातात घेतलं, डागावरून अंगठा फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, हे खंडित पात्र आहे. यातून सोडलेलं उदक देवाला पोचत नाही. घरात कुणाचं आजारपण झालं का अलीकडे?" सासऱ्यांची बायपास त्याच वर्षी झाली होती. साठीच्या पुढच्या कुठल्याही बाईला हा प्रश्न विचारा, उत्तर हो असंच येणार.

त्यानंतरचा व्यवहार फार भराभर झाला. जुनी भांडी मोडीत घेतली, ती हातातल्या लटकत्या काट्यावर तोलून. तांबं आणि पितळ एकत्र तोलून सगळ्याला पितळेच्या मोडीचा भाव लावला. तांब्याची मोड पितळेपेक्षा महाग जाते. वर ₹६,५०० रोख घेतले. बदल्यात लखलखीत 'शुद्ध तांब्याचा अभिमंत्रित संच', समयांची जोडी, पंचधातूची म्हणून एक घंटा आणि 'भेट म्हणून' दक्षिणावर्ती शंख दिला. खिशातून चुंबक काढून तांब्याला लावून दाखवलं, चिकटलं नाही. जाताना सूचना दिल्या: चिंच, लिंबू, रांगोळी काही लावायचं नाही, मंत्रांचं तेज उतरतं. मऊ कोरड्या फडक्याने पुसायचं. सोनार-तांबटाच्या हातात द्यायचं नाही, परक्याचा स्पर्श चालत नाही.

या सूचनांपाशी थांबते, कारण सगळी फसवणूक त्यांच्यात आहे. 'भस्मना शुध्यते कांस्यं ताम्रमम्लेन शुध्यति' हे वचन जुन्या लोकांच्या तोंडी असतं. कासं राखेने शुद्ध होतं, तांबं आंबटाने. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही तांबं, लोखंड, कासं, पितळ यांची शुद्धी क्षार, आंबट पदार्थ आणि पाण्याने करायला सांगितली आहे. म्हणजे पूजेचं तांबं चिंचेने घासणं ही निव्वळ स्वच्छता नाही, ते शास्त्राने सांगितलेलं शुद्धीकरण आहे. आपल्या आज्या-पणज्या सणाच्या आदल्या दिवशी भांड्यांचा ढीग घेऊन मोरीत बसायच्या, ते उगीच नव्हे. शास्त्राच्या नावाने भांडी विकणारा माणूस शास्त्राने सांगितलेली तीच एक गोष्ट करू नका म्हणत होता. का, ते मंगळागौरीच्या आदल्या दिवशी कळलं.

सासूबाईंना सणाला न घासलेली भांडी बघवेनात. त्यांनी ताम्हनाला चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं. खऱ्या तांब्यावर कोळ फिरला की काळपट थर झटकन निघतो आणि खालचा गुलाबीसर रंग वर येतो. इथे तसं काही झालं नाही. कोळ थेंबाथेंबाने ओघळला, कारण वर पारदर्शक लॅकरचा हात होता. जोर देऊन घासल्यावर काठाजवळ पापुद्रा सुटला, तांबडा रंग नखाएवढा निघाला आणि खालून पांढरा धातू दिसायला लागला. सासूबाईंनी हात थांबवला आणि मला हाक मारली. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

आम्ही ती भांडी घेऊन पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. पेशवाईपासून तांब्याचं काम करणारी वस्ती आहे ती, अजूनही तिथे ठोक्यांचा आवाज येतो. एका वयस्कर तांबटदादांनी कलश नुसता हातात घेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, स्टील आहे. वर तांब्याचं पाणी दिलंय." मग तळाच्या कडेला कानस दोनदा फिरवली. पांढरं. चुंबक का चिकटलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला धरत नाहीत, अ‍ॅल्युमिनिअम तर धरतच नाही. चुंबक चिकटलं तर खोट नक्की, पण चिकटलं नाही म्हणजे माल खरा असं अजिबात नाही. हे सगळ्यांनी पक्कं लक्षात ठेवा, कारण दुकानात चुंबक काढून दाखवणारे आता खूप झालेत.

समईचा प्रकार आणखी वाईट होता. समई वजनावर विकली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या समईची बैठक भरीव आणि जड वाटत होती. खालची पत्र्याची चकती उचकटली तर आत पांढऱ्या प्लास्टरसारखा भराव आणि त्यात खडी. पितळ वरच्या पातळ कवचापुरतंच. पितळेच्या भावाने आम्ही खडी विकत घेतली होती. समई घेताना बैठक उलटी करून बघा. आतून पोकळी दिसली पाहिजे. तळ चकतीने बंद केला असेल तर उघडून दाखवायला सांगा. दांडीचे आटे सोडवून प्रत्येक भाग वेगळा हातात घ्या.

तांब्यासाठी तांबटदादांनी एक सोपी परीक्षा सांगितली. भांडं अर्धं भरेल इतकं कडकडीत पाणी घाला आणि वरच्या कोरड्या काठाला बोट लावा. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून जास्त सहज वाहते, त्यामुळे खऱ्या तांब्याचा काठ क्षणात चटका देतो. मुलामा दिलेल्या स्टीलचा काठ बराच वेळ गारच राहतो. अ‍ॅल्युमिनिअमही लवकर तापतं, पण ते वजनात पकडता येतं. ९०० ग्रॅम तांबं पाण्यात बुडवलं तर साधारण १०० मिलिलिटर पाणी बाजूला सारतं, तेवढ्याच वजनाचं अ‍ॅल्युमिनिअम ३०० मिलिलिटरच्या वर. काशाच्या घंटेला कान पुरतो, तिचा नाद रेंगाळतो. आमची 'पंचधातूची' घंटा वाजली की तिथेच मिटायची.

शंखाबद्दल थोडं. दक्षिणावर्ती शंख अत्यंत दुर्मीळ असतो, म्हणूनच तो कुणी भेट म्हणून वाटत नाही. बाजारात त्या नावाने जे विकलं जातं, त्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या लायटनिंग व्हेल्क या गोगलगायीचे शिंपले बरेच असतात. त्या जातीचं वळण मुळातच उलट असतं, त्यात दुर्मीळ काही नाही. खऱ्या शंखाच्या तोंडातून आत बघितलं तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या दिसतात. आमच्या शंखाचा खांब गुळगुळीत होता.

खंडित पात्राचं भय मात्र अजून सासूबाईंच्या मनातून गेलं नव्हतं. ते आमच्या गुरुजींनी काढलं. ते म्हणाले, "मूर्ती भंगली तर विसर्जन करतात. भांडं चेपलं तर तांबटाकडे नेतात. गळकं भांडं पूजेला घ्यायचं नाही, एवढंच. तुमच्या ताम्हनाला डाग दिला होता तो गळू नये म्हणूनच." नवरात्रात घट मातीचा चालतो, नैवेद्य केळीच्या पानावर चालतो, पंचामृत द्रोणात चालतं. दूध-दही तर तांब्यात ठेवतच नाहीत. ज्या पूजेत पानाच्या द्रोणाला मान आहे, तिथे डाग दिलेलं ताम्हन देवाला चालत नाही हे कुणी सांगावं आणि आपण घाबरावं? मला राग येतो तो इथे. पैसे गेले ते गेले, पण श्रद्धाळू बाईला तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं कारण तिचंच ताम्हन आहे असं सांगून त्याने भांडं काढून घेतलं. त्या ताम्हनावर सासूबाईंच्या आजेसासूबाईंचं नाव घातलेलं होतं.

तक्रार करताना अडचण आली ती पावतीची. तिच्यावर फक्त 'पूजा साहित्य संच' लिहिलं होतं. धातू नाही, वजन नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता अर्धवट. फोन बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, सोसायटीनेही हॉल भाड्याने देतानाची नोंद दिली. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर 'तांबे, वजन इतके ग्रॅम' असं स्पष्ट लिहून मागा. लिहायला का-कू केली तर घेऊ नका. चांदीची भांडी असतील तर हॉलमार्क बघा, आणि जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदी अजिबात नसते, तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. मोड द्यायचीच असेल तर तांबं, पितळ, कासं वेगवेगळं तोलायला लावा.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन पैसे भरले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तिथे उशीर केला की पैसे पुढे सरकतात. वजनमापातल्या लबाडीची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. जुन्या भांड्यांचे फोटो, विशेषतः नाव घातलेल्या जागेचे, आजच काढून ठेवा. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेतला एकच फोटो निघाला, त्यात ताम्हन अर्धं दिसतं, आणि पोलिसांनी तोच अर्जाला जोडून घेतला आहे.