गिम्पमधले स्वतः बनवलेले ब्रश: झाडीपट्टीचा अख्खा सीझन वापरल्यावर

झाडीपट्टीत, म्हणजे इकडं गडचिरोलीकडं, वडसा देसाईगंजच्या बाजूला आमचं पोस्टर-बॅनरचं छोटं दुकान आहे. दिवाळी झाली की इकडे नाटकांचा सीझन सुरू होते, मंडई (म्हणजे गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती), त्याला लागून रातभर नाटक, आणि जिथं तिथं पोस्टर पाहिजे. प्रत्येक कंपनीला आपलंच पोस्टर उठून दिसायला पाहिजे असते, मग धूर पाहिजे, फाटलेला कागद पाहिजे, रक्ताचे शिंतोडे पाहिजे. दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर आपल्याला परवडत नाही म्हणून गिम्प हे फुकटातलं फोटो-चित्राचं सॉफ्टवेअर घेतलं, आधी २.१० व्हर्जन आणि नंतर ३.०. हे सगळं फक्त त्यातल्या ब्रशबद्दल, म्हणजे माउस फिरवून चित्राचे शिक्के उमटवायच्या टूलबद्दल लिहून राहिलो, कारण नवीन पोट्टे सगळ्यात जास्त तिथंच अडकतात आणि ब्रश खराब आहे समजून डिलीट मारतात, खरं तं ब्रश बहुतेक वेळा चांगलाच असते.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट रंगाची. धानाच्या लोंबीचा फोटो काढला, मागचं सगळं पुसलं, ब्रश म्हणून सेव्ह केला, आणि आता वरून कोणताही रंग निवडा, लोंबी आपली फोटोतल्याच रंगात उमटून राहिली. हा बिघाड नाही. गिम्प रंगीत चित्राचा ब्रश रंगासकट ठेवते, आणि ग्रेस्केल (नुसत्या काळ्या-पांढऱ्या-राखाडी) चित्राचा ब्रश मात्र तुम्ही निवडलेला फोरग्राउंड कलर घेते, त्यात काळा भाग पूर्ण उमटते, पांढरा अजिबात नाही, मधला राखाडी अर्धवट. म्हणून रंग बदलता यायला पाहिजे असंन तं इमेज मेनूतून मोड ग्रेस्केल करा, फ्लॅटन करून ट्रान्सपरन्सी (आरपार दिसणारा भाग) काढून टाका, मागे पांढरं राहू द्या, आणि मगच जीबीआर, म्हणजे गिम्पच्या ब्रशची फाइल, म्हणून एक्सपोर्ट करा. ट्रान्सपरन्सी राहून गेली तं ग्रेस्केल करूनही ब्रश रंग घेत नाही, इथंच सगळे फसतात. एक्सपोर्ट करताना डिस्क्रिप्शनचा रकाना येते तो भरा, कारण ब्रशच्या यादीत तेच नाव दिसते, फाइलचं नाही.

त्याच खिडकीत स्पेसिंग विचारते. हे म्हणजे रोवण्यात दोन रोपांमधलं अंतर. १० टक्के ठेवलं तं शिक्के एकावर एक चढून नुसता गिचका होते, १०० च्या आसपास ठेवलं की लोंबीला लागून लोंबी येते, २०० ला मधात मोकळी जागा सुटते. पोस्टरच्या चारी बाजूनं बॉर्डर करायची तं मी १०० च्या वरच ठेवतो, धुराच्या ब्रशला एकदम कमी. आणि ब्रश बदलला तरी साइज, स्पेसिंग जुनंच राहून गेलं असं दिसलं की टूल ऑप्शनमध्ये त्या आकड्याच्या बाजूचं साखळीचं चिन्ह पाहा, ते लावलं की ब्रशची मूळ सेटिंग आपोआप येते.

जीआयएच, म्हणजे एकाच ब्रशमध्ये अनेक चित्रं असलेली फाइल, हा प्रकार तं मला मनापासून आवडला. धानाचे वेगवेगळे दाणे एकेका लेयरवर (चित्राच्या थरावर) ठेवायचे, जीआयएचमध्ये एक्सपोर्ट करायचं, रँकमध्ये जितके लेयर तितका आकडा टाकायचा आणि सिलेक्शन रँडम. मग माउस फिरवला की दर ठिकाणी वेगळा दाणा पडते, खळ्यावरची रास अशी दिसते की पाहणाऱ्याला फोटोच वाटते. एकच दाणा हजारदा छापलेला डोळ्याला लगेच खुपते, म्हणून ही मेहनत केलीच पाहिजे.

डाउनलोड केलेल्या ब्रशचं सांगतो. फोटोशॉपची एबीआर फाइल गिम्पच्या ब्रश फोल्डरात टाकली तं नुसता आकार येते, त्याच्यामागची स्कॅटर, टेक्सचर, ड्युअल ब्रश ही सेटिंग काही येत नाही, त्यामुळं जाहिरातीतल्या चित्रासारखा उमटला नाही म्हणून नाराज होऊ नका. फोटोशॉपच्या टूल सेटिंगच्या टीपीएल फाइली आणि आयपॅडवाले ब्रशसेट तं गिम्प वाचतच नाही. आणि मोठमोठे गठ्ठे भरून ठेवू नका भाऊ, गिम्प सुरू होताना सगळे ब्रश लोड करते, कमी रॅमच्या मशीनवर ते उघडता उघडता गिऱ्हाईक उठून जाते.

ब्रश उमटूनच नाही राहिला तं काय पाहायचं? मी आधी कंट्रोल शिफ्ट ए दाबतो, त्यानं सिलेक्शन सुटते, काहून की कुठंतरी कोपऱ्यात बारीकसं सिलेक्शन (निवडलेला भाग) उरलेलं असते आणि त्याच्या बाहेर रंग पडतच नाही. मग लेयरची पिवळी तुटक रेघ पाहतो, लेयर लहान असला तं त्याच्या बाहेर काही उमटत नाही, लेयर टू इमेज साइज करायचं. मग ओपॅसिटी, म्हणजे रंग किती गडद पडते ते. बहुतेक काम इथंच होऊन जाते. पेन टॅबलेटचा दाब लागत नसला तं एडिटमधल्या इनपुट डिव्हाइसेसमध्ये त्या पेनचा मोड स्क्रीन करा आणि डायनॅमिक्समध्ये प्रेशर साइज निवडा. २.१० मध्ये टॅबलेट आधी लावून मग गिम्प उघडलेलं बरं.

साइजवर कंजुषी नको. १० बाय ४ फुटाचं बॅनर ७२ डीपीआयला धरलं तरी ८६४० बाय ३४५६ पिक्सेल होते, त्यावर ३०० पिक्सेलचा ब्रश ताणला तं कडा धूसर होणारच. मी आता मूळ ब्रश २००० पिक्सेलच्या आसपासच बनवतो, मोठ्यातून लहान चांगला होते, लहानातून मोठा नाही.

हातानं चेहरे रंगवायचे असन तं मी क्रिटा हे चित्र काढायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो, ब्रशचं इंजिन त्यातलं जास्त चांगलं आहे आणि ऑटोसेव्ह आहे, आमच्याकडं लाइन कधी जाईल सांगता येत नाही म्हणून ते लय कामाचं. पण शिक्के, बॉर्डर, धूर, टेक्सचर यासाठी गिम्पच.

शेवटी एक काम आजच करून घ्या. गिम्पचं ब्रश फोल्डर विंडोजमध्ये ॲपडेटाच्या आत रोमिंगमध्ये लपलेलं असते आणि २.१० चं वेगळं, ३.० चं वेगळं. कॉम्प्युटर फॉरमॅट मारला की तुमची मेहनत त्याच्यासोबत गेली. म्हणून डी ड्राइव्हवर आपलं एक फोल्डर बनवा, प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्स, त्यात ब्रशेस, तिथं हे फोल्डर जोडा, नवीन ब्रश टाकला की ब्रशच्या यादीखालचं रिफ्रेश दाबा, आणि त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा.