वॅकॉम इंट्युओस स्मॉल: पहिल्या कमाईतून घ्यायचा पेन टॅब्लेट

फ्रीलान्स इलस्ट्रेशन सुरू केल्यावर पहिल्या वर्षात साधारण एकाच जातीची कामं येतात. दिवाळी अंकातल्या कथांची कृष्णधवल चित्रं, छोट्या प्रकाशकाचं एखादं बालपुस्तक, गणपतीच्या तोंडावर मंडळाचं निमंत्रण, एखाद्या घरगुती ब्रँडच्या इन्स्टाग्राम पेजसाठी चित्रांचा सेट. मानधन बऱ्याचदा काम छापून आल्यावर हातात पडतं, करेक्शन मात्र त्याच रात्री करून द्यावं लागतं. अशा टप्प्यावर आयपॅड आणि पेन्सिल हप्त्यावर घ्यायच्या आधी, घरी लॅपटॉप असेल तर, त्याला जोडायचा हा छोटा, स्वतःची स्क्रीन नसलेला टॅब्लेट नीट पाहून घ्यावा. मॉडेल नंबर सीटीएल-४१००. पुढे डब्ल्यूएल असेल तर तो ब्लूटूथवाला.

चित्र काढायची जागा १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. अख्खा टॅब्लेट २०० × १६० मिलिमीटर, जाडी ९ मिलिमीटरच्या आत, वजन पाव किलोच्या आत. वन आरकेमधल्या घडीच्या टेबलावर लॅपटॉपसमोर मावतो आणि लोकलमध्ये स्केचबुकाच्या कप्प्यात जातो. पेनला बॅटरी नाही, चार्जिंगची भानगड नाही. पेन किती जोराने टेकलंय ते ओळखायच्या दाबाच्या पातळ्या ४०९६. पेन तिरपं धरल्याची नोंद मात्र हा टॅब्लेट घेत नाही, त्यामुळे पेन्सिल आडवी करून शेडिंग करायची सवय असेल तर ती इथे चालणार नाही.

लहान जागेची तक्रार सगळेच करतात, पण खरा प्रश्न तुमची स्क्रीन केवढी आहे हा आहे. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे हात १ मिलिमीटर हलला की स्क्रीनवर रेघ सव्वादोन मिलिमीटर सरकते. हे हाताळता येतं. तोच टॅब्लेट २४ इंची मॉनिटरला लावला की हे प्रमाण साडेतीन पटींवर जातं. मग हाताचा बारीकसा कंपही रेघेत दिसतो, आणि माणूस त्याचा दोष स्वतःच्या हाताला देतो. मोठा मॉनिटर असेल तर इंट्युओस मीडियमच घ्या. त्याची जागा २१६ × १३५ मिलिमीटर आहे आणि २४ इंचीवरही प्रमाण अडीच पटींच्या आत राहतं. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला असेल तर ड्रायव्हरच्या (टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मॅपिंगमध्ये, म्हणजे टॅब्लेटची जागा कोणत्या स्क्रीनला लागू करायची ते ठरवतात तिथे, एकच स्क्रीन निवडा, नाहीतर अर्धा टॅब्लेट एका स्क्रीनला आणि अर्धा दुसऱ्या स्क्रीनला वाटला जातो.

बसवताना बरेच लोक एक सेटिंग सोडून देतात. टॅब्लेटच्या जागेचं प्रमाण १६:१० आहे, बऱ्याच विंडोज लॅपटॉपच्या स्क्रीनचं १६:९. जसं आहे तसं वापरलं तर फुल एचडी (१९२० × १०८०) स्क्रीनवर आडव्या दिशेला १ मिलिमीटरला सुमारे १२.६ पिक्सेल मिळतात आणि उभ्या दिशेला ११.४. परिणाम असा की हाताने अगदी गोल वर्तुळ फिरवलं तरी स्क्रीनवर ते चपटं येतं, रुंदीला ११ टक्के जास्त. चेहरे काढताना हे फार नडतं: गाल फुगतात, डोळे आडवे ताणले जातात आणि नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. ड्रायव्हरच्या मॅपिंग पानावर ‘फोर्स प्रपोर्शन्स’ची टिक लावली की हे थांबतं. बदल्यात टॅब्लेटची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया जाते, ती जाऊ द्या. नंतर वाटीची कड पेनाने गिरवून बघा, स्क्रीनवरही गोलच दिसली पाहिजे.

विंडोजवर आणखी दोन गोष्टी आधीच निपटाव्या लागतात. पेन टेकवून क्षणभर थांबलं की गोल रिंग येऊन राइट क्लिक होतं, ते विंडोजच्या पेन सेटिंगमधून बंद करा. दुसरी भानगड ‘विंडोज इंक’ची. रेघ सगळीकडे एकाच जाडीची येत असेल, म्हणजे दाब लागूच होत नसेल, तर ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर वेगवेगळ्या पद्धतीने पेन वाचत आहेत असं समजा. क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब किंवा विंडोज इंक या पेन वाचायच्या दोन पद्धतींतली एक निवडता येते. क्लिप स्टुडिओ पेंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही प्रेफरन्सेसमध्ये तशीच निवड आहे. ड्रायव्हरमध्ये जे चालू असेल तेच इथेही ठेवा. मॅकवर अपडेटनंतर पेन कर्सर हलवतं पण रेघ उमटत नाही असं झालं, तर प्रायव्हसीच्या पानावर ड्रायव्हरला दिलेली परवानगी आधी तपासा. तिथेच बऱ्याचदा घोळ असतो.

आता कामावर येऊ. दिवाळी अंकाच्या आतल्या रेखाचित्रांसाठी फाइल छापील आकारात ६०० डीपीआयची (इंचाला ६०० ठिपके) ठेवावी. ऑफसेट छपाईत पाव पॉइंटपेक्षा (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) बारीक रेघ तुटायची भीती असते आणि ६०० डीपीआयला पाव पॉइंट म्हणजे जेमतेम २ पिक्सेल. म्हणून ब्रशचा किमान आकार असा बांधा की पेन कितीही हलकं टेकलं तरी रेघ ३ पिक्सेलच्या खाली जाणार नाही. क्लिप स्टुडिओत हे ब्रश साइझच्या डायनॅमिक्समध्ये ‘मिनिमम’ नावाने आहे. समजा, ब्रश १२ पिक्सेलचा आहे. ३ ते १२ या पट्ट्यात डोळ्याला दिसतील अशा जाड्या किती, तर मोजून दहाबारा. तिथे दाबाच्या पातळ्या २०४८ असल्या, ४०९६ असल्या की ८१९२ असल्या, छापून आलेल्या पानावर काडीचाही फरक पडत नाही. खोक्यावरच्या या आकड्याला भुलून कुणी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

बघायचं असेल तर पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू करतं ते बघा. रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता येणं हे यावर अवलंबून असतं आणि इथे इंट्युओसचं पेन खरोखर चांगलं आहे. केसांची बट, नऊवारीच्या निऱ्या, मिशीचं टोक अशा ठिकाणी रेघ अलगद संपते. हात जड असेल तर ड्रायव्हरमध्ये ‘टिप फील’ एक-दोन घरं कडक बाजूला सरकवा. हलका हात असेल तर उलट करा. डीफॉल्टवरच काम करत राहिलात तर दिवसभर गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ दुखतं.

लांब, एका दमातली रेघ हा मात्र या टॅब्लेटचा कच्चा भाग आहे. पोस्टकार्डाएवढ्या जागेत मनगट फिरतं, कोपर फिरत नाही. बालपुस्तकाच्या जोडपानावर डोंगराची आडवी रेघ ओढायची तर स्टॅबिलायझर (रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअरमधली सोय) चालू करावा लागतो किंवा झूम करून तुकड्यातुकड्याने जावं लागतं. म्हणून कच्चं रेखाटन कागदावरच करावं हे आमचं ठाम मत. ए-४ कार्ट्रिज कागदावर पेन्सिलने मोकळ्या हाताने काढा, ३०० डीपीआयला स्कॅन करा, लेयरची ओपॅसिटी २०-३० टक्क्यांवर आणा आणि त्यावर इंकिंग, म्हणजे पक्क्या रेघा, करा. पेन्सिलच्या रेघेतला जोम टिकतो आणि टॅब्लेटला जे जमतं तेवढंच त्याच्याकडून करून घेतलं जातं. सपाट रंग भरणं, मास्क करणं, क्लायंटने सांगितलेला साडीचा रंग बदलणं या कामांना स्मॉल पुरेपूर पुरतो.

देवनागरी अक्षरलेखनासाठी एक वेगळी सूचना. पेनला तिरपेपणा कळत नाही, त्यामुळे बोरूसारखं जाड-बारीक वळण हवं तर ठरावीक कोनाचा चपटा ब्रशच वापरावा लागतो. सॉफ्टवेअरबरोबर येणारे कॅलिग्राफी ब्रश रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात. देवनागरीच्या बोरूचा काप त्याच्या उलट दिशेला. ब्रशच्या सेटिंगमध्ये कोन ४५ असेल तर १३५ करा, मग काना, वेलांटी आणि मात्रेचं वजन जागेवर येतं. मुखपृष्ठावरची शीर्षकं हातानेच लिहिणाऱ्यांनी हा ब्रश एकदाच बनवून सेव्ह करून ठेवावा.

टॅब्लेटवर चार बटणं आहेत, पण ती वरच्या कडेला. चित्र काढताना डावा हात तिथे न्यायचा तर तो उजव्या हाताच्या वाटेत येतो. प्रत्यक्षात डावा हात कीबोर्डवरच राहतो आणि अनडू तिथूनच होतं. मग बटणांसाठी पैसे का द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. ‘वन बाय वॅकॉम’ स्मॉल, मॉडेल सीटीएल-४७२, याची चित्र काढायची जागा तंतोतंत तेवढीच आहे. पातळ्या २०४८, बटणं नाहीत, ब्लूटूथ नाही, पेनला बॅटरी नाहीच. ज्यांचं काम रेखाचित्रांचं आहे आणि कीबोर्डचे शॉर्टकट बोटांवर बसलेले आहेत, त्यांनी तो घेतला तरी काही बिघडत नाही. हुइऑन आणि एक्सपी-पेनचे मोठ्या जागेचे टॅब्लेटही साधारण याच पैशांत येतात. मोठा मॉनिटर आणि तंग बजेट असेल तर तेही हाताळून बघावेत. आयपॅडला जोडायच्या विचाराने मात्र इंट्युओस घेऊ नका, तो चालणार नाही.

तारेच्या मॉडेलचं नाजूक ठिकाण म्हणजे मायक्रो-यूएसबीचं तोंड. केबल लावून ठेवूनच बॅगेत कोंबली तर ते सैल होतं. प्रवासात केबल काढायचीच. केबल बदलताना स्टेशनबाहेरची स्वस्तातली उचलू नका. त्यातल्या बऱ्याच फक्त चार्जिंगपुरत्या असतात, डेटाची तारच नसते. टॅब्लेटला वीज मिळते, लॅपटॉपला मात्र तो सापडतच नाही, आणि लोक ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात. ब्लूटूथ मॉडेल टेबल मोकळं ठेवतं, पण बारीक इंकिंग करताना तार लावलेलीच बरी. मोबाइल टॅब्लेटला खेटून ठेवू नका. त्याने रेघ थरथरू शकते.

मे महिन्यात मुंबईच्या दमटपणात तळहात पृष्ठभागाला चिकटतो आणि रेघ अडखळते. या टॅब्लेटला तळहाताचा स्पर्श कळत नाही, म्हणून खास हातमोजा लागत नाही, हाताखाली सुती रुमाल पुरे. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत ठेवा.

निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं टोक, झिजणं स्वाभाविक आहे. टोक एका बाजूने तिरपं कापल्यासारखं झालं की त्याची धार पृष्ठभागावर ओरखडे काढते, तेव्हा वाट न बघता बदला. इंट्युओसच्या पेनाचा मागचा भाग फिरवून काढला की आतच तीन सुट्या निब आणि निब काढायची सोय सापडते. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं आणि ते बाजारात निब शोधत फिरतात. टॅब्लेटवर कागद चिकटवून कागदाचा फील आणायची युक्ती चालते, पण निब फार लवकर खाल्ली जाते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करणार असाल तर खोक्यावरचा मॉडेल नंबर स्वतः वाचा, कारण तारेचा आणि ब्लूटूथचा खोका लांबून सारखाच दिसतो. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. सेकंड हँड घेताना पृष्ठभाग उजेडात तिरपा धरा. मधोमध गुळगुळीत चकाकणारा डाग असेल तर तिथे पेन घसरतं. मग लॅपटॉपला जोडून चारही कोपऱ्यांत रेघा ओढा, आणि पट्टी ठेवून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अगदी सावकाश तिरपी रेघ काढा. रेघ सरळ न येता लाटांसारखी आली किंवा मध्ये तुटली, तर दुकानदाराने किंमत कितीही पाडली तरी तो टॅब्लेट परत करा.