फिशबेस: ऑरेंज रफीच्या निमित्ताने

फिशबेस हे माशांच्या माहितीचं संकेतस्थळ मोफत आहे, नोंदणी लागत नाही आणि त्यावर 35 हजारांहून अधिक प्रजाती आहेत. खोल समुद्रातल्या माशासाठी ते कितपत भरवशाचं, हे ऑरेंज रफी या तशाच माशाच्या पानावर चांगलं पारखता येतं.

शोधताना शास्त्रीय नावच टाका: होप्लोस्टेथस अटलांटिकस, रोमन लिपीत. नुसतं ‘रफी’ टाकलं की इतर प्रजातीही समोर येतात.

पानावर खोली साधारण 180 ते 1,800 मीटर, वजन जास्तीत जास्त 7 किलो, वय 149 वर्षं असं दिसतं. आकड्यांशेजारी संदर्भ क्रमांक असतो, त्यावरून मूळ शोधनिबंध गाठता येतो. असं मोफत देणारं दुसरं ठिकाण सापडणं अवघड. वयासाठी मात्र ताजं संशोधनही पाहा; न्यूझीलंडच्या माशांच्या ओटोलिथवरची (कानातल्या खड्यावरची) वलयं मोजून 230 वर्षांपुढची वयं निघाली आहेत. लांबीतही एक खाचखळगा आहे. कमाल 75 सेंमी ही शेपटीचा पर सोडून मोजलेली, तर नेहमीची 40 सेंमी परासकट. दोन्ही एकाच रकान्यात भरली की वाढीचं गणित चुकतं.

खरी अडचण नकाशाची. मासा कुठे असू शकेल हे दाखवणारा, पानावरचा अ‍ॅक्वामॅप्सचा रंगीत नकाशा म्हणजे मासा सापडल्याच्या नोंदी नव्हेत. खोली, तापमान, क्षारता वगैरेंवरून संगणकाने काढलेली शक्यता आहे. त्याचा एक चौकोन अर्ध्या अंशाचा, विषुववृत्तापाशी जवळपास 55 किमी. ऑरेंज रफी तर अंडी घालायला समुद्रातल्या डोंगरमाथ्यांवर दाटीने जमतो, आणि असा डोंगर त्या चौकोनात हरवून जातो. म्हणून सोबतचा प्रत्यक्ष नोंदींचा बिंदू-नकाशा उघडाच. तिथे एखादा बिंदू जमिनीवर दिसला तर अक्षांश-रेखांशातलं उणे चिन्ह गळलेलं असू शकतं, ती नोंद वगळा. आणि मोकळी जागा म्हणजे मासा नाही असं समजू नका. कदाचित तिथे जाळंच पडलेलं नसेल.

‘रेझिलियन्स’ची, म्हणजे घटलेली संख्या पुन्हा भरून येण्याच्या क्षमतेची ओळ सोडू नका. इथे ती ‘अत्यंत कमी’ आहे: संख्या दुप्पट व्हायला 14 वर्षांहून जास्त. मासा प्रजननक्षम व्हायलाच तीसेक वर्षं लागतात. न्यूझीलंडला सत्तरच्या दशकाअखेर मासेमारी सुरू झाली तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मासे पकडण्याचा कोटा भरमसाट ठरला आणि साठे झपाट्याने घटले.

भारतातल्या विद्यार्थ्यांनी देशानुसार शोधात भारत निवडून ‘डीप-वॉटर’वर टिचकी मारावी, खोल पाण्यातल्या प्रजातींची यादी येते.